सिंबा अडकायचा, पण गेम संपायचा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात गावोगावी कॉम्प्युटर क्लास निघाले. बाहेर चपला काढायच्या, आत एसीच्या गारव्यात बसायचे आणि सरांची पाठ वळली की हळूच ‘प्रिन्स’, ‘डेव्ह’, ‘अलादीन’ किंवा ‘लायन किंग’ उघडायचा. त्या वेळची मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यासमोर ‘लायन किंग’चा विषय काढला तर पहिली लेव्हल बहुतेकांना आठवते. दुसरीचे नाव काढले की चेहरा बदलतो. तिसरी लेव्हल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस क्वचित भेटतो.

दुसऱ्या लेव्हलमध्ये छोट्या सिंबाने जिराफांच्या डोक्यांवरून उड्या मारत पाणी ओलांडायचे. पाण्यात पडला की एक लाइफ गेली. मग शहामृगावर बसून सुसाट धावताना कधी उडी घ्यायची, कधी वाकायचे, आणि काही ठिकाणी हवेत असतानाच दुसरी उडी मारायची. एवढ्यातून वाचलाच, तर पुढे माकडे. ती सिंबाला उचलून एकमेकांकडे भिरकावतात. कोणत्या माकडावर गुरगुरले म्हणजे ते तोंड फिरवून दुसऱ्या दिशेला फेकेल, याचा एक ठरलेला क्रम आहे. तो क्रम गेम कुठेही सांगत नाही. चुकला की भिरभिरत भलतीकडे जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

सिनेमाच्या नावावर खपवलेला आणि मुलांच्या जिवावर उठलेला गेम, अशी त्याची कुप्रसिद्धी गेली तीस वर्षे टिकून आहे. त्याला याहून अधिक मान मिळायला हवा का?

हा प्रश्न आरोग्याच्या सदरात कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हल्ली जी तक्रार येते, ती पाहिली की प्रश्नाची गरज कळते. आई बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दंडाला धरून आणते. “डॉक्टर, हा जेवत नाही, रात्री झोपत नाही. मोबाइल काढून घेतला की घर डोक्यावर घेतो.” बाहेर रांग लागलेली असते. डॉक्टर कागदावर औषध लिहितात आणि तोंडी सांगतात, “गेम बंद करा.” वजन, भूक, झोप, शाळा, सगळे विचारले जाते. कुठला गेम, हे मात्र विचारले जात नाही. ताप म्हटल्यावर मलेरिया की टायफॉइड हे न बघता एकच गोळी द्यावी, तसेच हे झाले. गेम आणि गेम यांत फरक असतो. तो फरक नीट समजून घ्यायचा असेल तर तीस वर्षांपूर्वीचा हा सिंबा फार उपयोगी पडतो.

आधी थोडा इतिहास. सिनेमाचे हक्क विकत घेऊन केलेल्या गेमना त्या काळी कोणी फारसे गंभीरपणे घेत नसे, आणि त्याला कारणही होते. १९८२ मध्ये अटारी कंपनीने ‘ई.टी.’ सिनेमावर गेम काढला. नाताळच्या बाजारात तो यावा म्हणून जेमतेम पाच-सहा आठवड्यांत तयार केला गेला. न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या, आणि २०१४ मध्ये खणून काढल्यावर त्या खरोखरच सापडल्या. नाव मोठे आणि लक्षण खोटे, अशी या गेमची ख्याती तिथपासूनची.

‘लायन किंग’ त्या जातीचा नव्हता. १९९४ मध्ये सिनेमा आला आणि त्याच वर्षी गेमही. तो केला वेस्टवूड स्टुडिओने. ही मंडळी नवशिकी नव्हती. ‘ड्यून टू’ त्यांनी आधीच केला होता आणि पुढच्याच वर्षी ‘कमांड अँड कॉन्कर’ केला. सिंबाची चाल, त्याचे उड्या मारणे, पार्श्वभूमीची चित्रे यांना डिस्नेच्या चित्रकारांचा हात लागला होता. पहिली लेव्हल आजही पाहिली तरी ते जाणवते. छावा कड्याच्या काठाला पंजे रोवून लोंबकळतो तेव्हा त्याचे वजन दिसते.

मग दुसरी लेव्हल अशी का? वेस्टवूडचे एक संस्थापक लुई कॅसल यांनीच नंतर याचा खुलासा केला आहे. अमेरिकेत तेव्हा गेमच्या कॅसेट दुकानातून भाड्याने मिळत. शुक्रवारी नेली, रविवारी संपवली, सोमवारी परत केली, तर विकत कोण घेणार? म्हणून भाड्याच्या दोन-तीन दिवसांत मूल फार पुढे जाऊ नये अशी अट डिस्नेकडून होती आणि सुरुवातीच्याच टप्प्यात अडसर घातला गेला. कन्सोलवरच्या गेममध्ये जिथवर पोहोचलो तिथून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करायचीही सोय नव्हती. म्हणजे ज्या माकडांनी मुलांना रडवले, त्यांचा क्रम शिकण्याच्या शास्त्राने नव्हे, तर भाड्याच्या हिशेबाने ठरला होता.

आता गंमत अशी, की त्याच १९९४ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क यांनी ‘हितकारक अडचण’ अशी कल्पना मांडली. शिकताना सगळे सोपे करून दिले तर त्या वेळी छान वाटते, पण ते टिकत नाही. थोडे अडखळायला लावले, मध्ये खंड पाडला, न बघता आठवायला लावले, तर त्या वेळी चुका वाढतात. मात्र शिकलेले पक्के बसते. पाढे पाठ करणाऱ्या जुन्या पिढीला हे नवे वाटणार नाही. पण ब्यॉर्क यांची दुसरी बाजू अनेकदा विसरली जाते. अडचण हितकारक तेव्हाच, जेव्हा ती ओलांडायची साधने शिकणाऱ्याकडे असतात. नसतील तर ती नुसतीच अडचण.

ही मोजपट्टी सिंबाला लावली की गेमचे दोन भाग पडतात.

हत्तींच्या स्मशानातली तिसरी लेव्हल घ्या. तिथे तरस असतात. दिसला तरस की मार उडी, असे केले तर सिंबा मार खातो. तरस झेप घेतो, इकडून तिकडे धावतो आणि शेवटी दमून धापा टाकत उभा राहतो. त्या क्षणी उडी मारायची. तोपर्यंत नुसते चुकवत राहायचे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘थांब’ हे शिकवणे किती कठीण असते ते प्रत्येक आई-बापाला माहीत आहे. हातातली क्रिया रोखून धरण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाचे, आणि तो भाग पुरता पिकायला विशी उलटून जावी लागते. इथे गेम मुलाला ओरडत नाही, उपदेश करत नाही. तरस धापा टाकताना डोळ्यांना दिसतो. चूक कुठे झाली तेही दिसते, कारण घाई केली की लगेच पंजा बसतो. अडचण आहे, साधन आहे, आणि चुकीचा निरोप चूक होताक्षणी मिळतो. याहून चांगला धडा शाळेच्या पुस्तकातही क्वचित सापडतो.

उलट शेवटची लेव्हल. मोठा झालेला सिंबा स्कारशी लढतो. कितीही पंजे मारले तरी स्कार मरत नाही. त्याला दमवून, एका विशिष्ट पकडीने उचलून कड्यावरून खाली फेकावे लागते. ती पकड इथे लागणार आहे, हे गेम सांगत नाही. इतके सगळे पार करून आलेली मुले इथे तासन् तास पंजे मारत बसत आणि शेवटी ‘गेमच खराब आहे’ म्हणून उठत. वर्षभर एक शिकवायचे आणि परीक्षेत दुसरेच विचारायचे, असला हा प्रकार. माकडांचा क्रमही त्याच माळेतला. या दोन ठिकाणांना मान देण्याचे काही कारण नाही.

अशा ठिकाणी मुलाच्या मनात काय घडते, याचा अभ्यास फार जुना आहे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज वाचवत नाहीत. काहीही केले तरी विजेचा झटका चुकत नाही, असा अनुभव घेतलेली बरीच कुत्री नंतर सुटकेची वाट मोकळी असूनही जागची हलली नाहीत. याला ‘शिकलेली हतबलता’ म्हटले गेले. पण खरी गोष्ट पुढे आहे. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरचे नवे पुरावे पाहून स्वतःचा सिद्धान्त उलटा केला. लांबत जाणाऱ्या त्रासापुढे गप्प पडून राहणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते दुसरे: आपण काही केले तर फरक पडतो, हे. तो अनुभव एकदा मिळाला की मेंदूचा पुढचा भाग त्या गप्प पडण्याला आवर घालतो.

पन्नाशी उलटलेल्या डॉक्टरांनीही हा लेख शोधून वाचावा असा आहे. कारण ‘आमचा मुलगा लगेच हार मानतो’ ही तक्रार ओपीडीत सर्रास ऐकू येते आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा ‘त्याला समजावून सांगा’ असे दिले जाते. ‘आपण केले तर फरक पडतो’ हे सांगून कळत नाही. हाताने कळते. सायकल, पोहणे, मल्लखांब, पेटी, चित्रकला, कशातूनही कळेल. आणि हो, नीट बेतलेल्या अवघड गेममधूनही कळते. दहा वेळा पाण्यात पडलेला सिंबा अकराव्या वेळी जिराफाच्या डोक्यावर उभा राहतो, तेव्हा मुलाचे बोट आणि डोळा यांची जुळणी खरोखर सुधारलेली असते. ते यश कोणी बहाल केलेले नसते.

किती अवघड म्हणजे बरे, यालाही काही अंदाज आहे. २०१९ मध्ये रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले, की विशिष्ट प्रकारच्या शिकण्यात साधारण ८५ टक्के वेळा बरोबर आणि १५ टक्के वेळा चूक, असे प्रमाण असताना प्रगती सर्वांत वेगाने होते. हा आकडा मूळचा संगणकाच्या शिकण्याचा. मुलांच्या अभ्यासाला तो जसाच्या तसा चिकटवणे योग्य नाही. तरी शंभरातून शंभर वेळा जमणारे काम फार शिकवत नाही आणि शंभरातून एकदा जमणारेही नाही, एवढे त्यातून घ्यायला हरकत नसावी. सिंबाची दुसरी लेव्हल या हिशेबात नापास होते.

आता मोबाइलकडे वळू. त्यातले बरेचसे गेम फुकट असतात. फुकट म्हटल्यावर कंपनीची कमाई मूल किती वेळ राहते आणि मध्ये किती वेळा पैसे टाकते यावर. भाड्याच्या काळात कंपनीला भीती होती की मूल गेम लवकर संपवेल. आज भीती आहे की मूल उठून जाईल. म्हणून सुरुवात इतकी सोपी की चुकताच येत नाही. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. मध्येच एक पेटी उघडते, तिच्यात काय निघेल ते नशिबावर. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, यांतल्या अनेकांना शेवटच नसतो.

नशिबाच्या पेटीचे काम मेंदूत कसे चालते, हे बऱ्यापैकी माहीत आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून (ही माकडे खरी, सिंबाची नव्हेत) दिसले, की डोपामिनच्या पेशी बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाला जास्त दाद देतात. ठरलेले मिळाले तर त्या शांत. अचानक मिळाले तर उसळतात. गेम खेळताना माणसाच्या मेंदूत डोपामिन वाढते हे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आठ जणांवर झालेल्या तपासणीतून १९९८ मध्येच दिसले होते. तो गेम रणगाडा चालवण्याचा होता, आणि पुढची लेव्हल गाठली की पैसे मिळत. तेव्हा ‘गेममुळे डोपामिन वाढते’ एवढे ऐकून दचकण्यात अर्थ नाही. ते आवडत्या जेवणानेही वाढते. प्रश्न असा, की ती उसळी कशामुळे आली? तरस दमेपर्यंत थांबल्यामुळे, की पेटीत काय निघेल याच्या ओढीने? पहिल्या उसळीला मुलाचे कौशल्य कारण असते. दुसरीत मुलाकडे करण्यासारखे काहीच नसते, बोटाने पेटी उघडण्याखेरीज. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, ते बरेच झाले. फुकट गेमच्या या आखणीला मात्र ती बंदी लागू होत नाही.

जुन्या गेमची आरती ओवाळण्याचे कारण नाही. १९९० मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सलग पाच तास गेम खेळून अंगठ्याचा स्नायुबंध सुजलेल्या एका महिलेची नोंद आली आणि त्या दुखण्याला ‘निन्टेंडिनायटिस’ असे नावही दिले गेले. झोप, डोळे, मैदान यांचा हिशेब जुन्या आणि नव्या गेमला सारखाच लागू. गेम खेळल्याने मूल हुशार होते, असा दावाही कोणी करू नये. न्यूयॉर्कमधल्या ३३ शल्यविशारदांचा एक अभ्यास २००७ पासून सगळीकडे सांगितला जातो. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळणाऱ्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या. ऐकायला छान आहे. पण ज्यांचे हात आधीच सफाईदार, त्यांनाच गेमची गोडी लागली असेल, हेही तितकेच शक्य. ३३ माणसांवरून आई-बापांनी मुलाला सर्जन करायचा बेत आखू नये.

दुसऱ्या टोकाचा घोटाळाही टाळायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण निदानाच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, आणि हे साधारण बारा महिने चालून घर, शाळा, नाती यांचे खरोखर बिघडणे. परीक्षेनंतर आठवडाभर गेमला चिकटलेले मूल आजारी नसते. ज्याचे खरोखर बिघडले आहे, त्याच्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून याच कामाचे खास क्लिनिकही चालते.

त्या आईला मात्र ‘बंद करा’ याहून थोडे अधिक सांगता येईल. या गेमला शेवट आहे का? हरल्यावर का हरलो हे मुलाला सांगता येते का? पैसे टाकले की पुढे जाता येते का? एक दिवस नाही उघडला तर काही तुटते का? उत्तरे मुलालाच विचारावीत, तेही रागावून नव्हे. तो गेम दाखवायला त्याला बहुधा आवडेल. आजवर कोणी पाहिलेला नसतो. रांग कितीही मोठी असली तरी हे चार प्रश्न दोन मिनिटांत होतात.

सिंबाची उत्तरे यातल्या तीन प्रश्नांना चांगली आहेत. दहा लेव्हल, एकदाच मोजलेली किंमत, आणि कॅसेट महिनाभर कपाटात पडली तरी काही बिघडत नाही. का हरलो, या प्रश्नाला निम्म्या गेममध्ये चोख उत्तर आहे आणि माकडांच्या झाडावर अजिबात नाही. इतपत मान त्याला द्यायला हवा, आणि तो आजवर मिळालेल्या मानाहून बराच जास्त आहे.

२०१९ मध्ये ‘लायन किंग’ आणि ‘अलादीन’ हे दोन्ही गेम नव्या कन्सोलसाठी पुन्हा निघाले. त्यात एक नवे बटण आहे: रिवाइंड. पाण्यात पडलात, बटण दाबले, काही क्षण मागे. जुन्या खेळाडूंपैकी काहींना ही लबाडी वाटते. वैद्यकीय महाविद्यालयांत २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमाने स्किल लॅब सक्तीच्या झाल्या. तिथे विद्यार्थी रबरी पुतळ्याच्या घशात नळी घालतो, चुकतो, काढतो, पुन्हा घालतो. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. त्याने माणसाच्या घशात चुकावे असे कोणालाच वाटत नाही. जी उडी जमत नाही तेवढीच वीस वेळा मारून पाहायला रिवाइंड वापरले, तर भाड्याच्या हिशेबाने घातलेली अडचण हितकारक होऊ शकते. पडलोच नाही असे दाखवायला वापरले, तर मोबाइलच्या गेमची सोपी सुरुवातच पुन्हा हाती येईल. बटण एकच आहे. शेजारी बसून पाहिल्याशिवाय मूल ते कशासाठी दाबते आहे ते कळणार नाही, आणि ज्या आई-बापांना तिसरी लेव्हल कधीच दिसली नव्हती त्यांना शेजारी बसायला एरवीही हरकत नसावी.